तिकीट काढलंय ना आपण!

संग्रहालयांना आणि आर्ट गॅलऱ्यांना तिकीट असावं की नसावं, यावर आमच्या दुकानात अधूनमधून वाद पेटतोच. दुकान फ्रेमचं आहे. ठाण्यात, राम मारुती रोडच्या आतल्या गल्लीत. सासऱ्यांनी सुरू केलं तेव्हा देवादिकांच्या तसबिरी आणि गेलेल्या माणसांचे फोटो एवढंच काम असायचं. आता डिग्रीची सर्टिफिकेटं येतात, सही केलेल्या क्रिकेटच्या जर्स्या येतात, आणि चित्रकार येतात. चित्रकार आले की बसतात. चहा होतो. आणि मग कोणीतरी सुरू करतं, ‘वहिनी, कला ही सगळ्यांसाठी खुली हवी. दारात पैसे कसले मागायचे?’ असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा फ्रेमच्या बिलात दोनशे कमी करा म्हणून अडून बसलेला असतो. ते असो.

माझं मत विचाराल तर तिकीट असावं. फार नको, पण असावं.

आधी ‘फुकट’ म्हणजे काय ते जरा बघू, कारण ते मी रोज जवळून बघते. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून मुंबईत काळा घोड्याला उभी आहे आणि आत जायला पैसे पडत नाहीत. ऊन लागलं म्हणून शिरलेला माणूसही चार चित्रं बघून बाहेर पडतो. मला ती जागा मनापासून आवडते. पण आत गेलेल्याला जे फुकट मिळतं, त्याचे पैसे कोणीतरी भरलेले असतातच, आणि तो कोणीतरी आमच्या स्टुलावर बसलेला असतो. तिथली प्रदर्शनं मंगळवारी सुरू होतात आणि पुढच्या सोमवारी संपतात. तारीख मिळायला चित्रकाराला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. मिळाली की हॉलचं भाडं, कॅटलॉगची छपाई, उद्घाटनाचा चहा आणि सामोसे, ठाण्याहून टेम्पो, आणि आमच्या फ्रेमा. माउंट आणि काचेसकट तीस-पस्तीस फ्रेमा झाल्या की बिल बघून भलेभले गप्प होतात. एका ड्रॉइंग मास्तरांनी पीएफमधून पैसे काढून प्रदर्शन लावलं होतं. आठवडाभरात चित्रं विकली गेली दोन, त्यातलं एक साडूने घेतलं. बघायला आलेल्या शेकडो लोकांनी पाच-पाच रुपये दिले असते तर निदान टेम्पो सुटला असता. जहांगीरने तिकीट लावावं असं मी म्हणत नाही, त्या जागेची मजाच त्या उघड्या दारात आहे. पण ‘फुकट’ म्हटलं की मला ते मास्तर आठवतात.

आता आमच्या कारागिराची गोष्ट सांगते, कारण माझं मत खरं तर त्याच्यामुळे झालंय. पोरगा मुरबाडकडचा. माउंट कापण्यात त्याचा हात धरणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. माउंट म्हणजे चित्राभोवतीची ती जाड पुठ्ठ्याची चौकट. तिची आतली कड पंचेचाळीस अंशात तिरकी कापायची असते, आणि चारही कोपऱ्यांना ब्लेड बरोबर जिथल्या तिथे थांबावं लागतं. केसभर पुढे गेलं तरी कोपऱ्यात बारीक रेघ दिसते. तिला आम्ही ओव्हरकट म्हणतो. याच्या कामात ओव्हरकट सापडत नाही.

एकदा फोर्टातल्या एका खाजगी गॅलरीत फ्रेमा पोचवायच्या होत्या. या गॅलऱ्यांना तिकीट नसतं. दार मात्र बंद असतं, काचेचं, आत एसी, आणि बाजूला बेलचं बटण. आम्ही दोघं फ्रेमा घेऊन गेलो, आतल्या बाईंनी नीट ताबा घेतला, सहीसुद्धा केली. मी म्हटलं, आलोच आहोत तर लावलेली चित्रं बघून जाऊ. तर हा दारातच घुटमळला. ‘वैनी, तुम्ही बघून या, मी टेम्पोपाशी थांबतो.’ कोणी त्याला अडवलं नव्हतं. त्या बाईंनी एकदा त्याच्या चपलांकडे पाहिलं होतं फक्त, आणि तेवढं पुरलं. भिंतीवर त्याने स्वतः कापलेली माउंटं होती आणि हा खाली टेम्पोवाल्याबरोबर तंबाखू मळत उभा.

परतताना वेळ होता म्हणून त्याला काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नेलं. तिथे खिडकी आहे, रांग आहे, आणि तिकीट चांगलं शंभराच्या पुढचं आहे. मी दोन काढली, त्याचं त्याच्या हातात दिलं. तर हा गडी बदललाच. छाती काढून आत. तळमजल्यावरच्या मूर्ती बघितल्या, असिरियन राजांच्या राजवाड्यातल्या त्या कोरीव दगडी शिळा बघितल्या (निमरूदच्या, आजच्या इराकमधल्या. मुंबईत त्या आहेत हे किती ठाणेकरांना ठाऊक आहे?), आणि मग लघुचित्रांपाशी पोचल्यावर तिथेच थांबला. चित्रांत त्याला फारसा रस नव्हता. तो काचेला नाक लावून माउंटचे कोपरे तपासत होता. पहारेकरी आला, ‘अहो, काचेला हात लावू नका.’ हा शांतपणे म्हणाला, ‘हात नाय लावत, बघतोय. तिकीट काढलंय ना आपण!’

ते ऐकलं आणि मला वाटलं, हेच ते. फुकटच्या दारात त्याला स्वतःला उपरं वाटलं होतं. इथे त्याच्या मुठीत कागद होता. लोकलमध्ये तिकीट असलं की टीसीसमोर माणूस कसा निवांत बसतो, अगदी तसा तो फिरत होता. ज्यांना कुठेही बिनधास्त शिरायची सवय आहे त्यांना तिकीट म्हणजे अडसर वाटतो. ज्यांना ती सवय नाही त्यांच्यासाठी तिकीट म्हणजे परवाना असतो. वाद घालणाऱ्या चित्रकारांना मी हे सांगते तेव्हा ते मान हलवतात आणि पुन्हा म्हणतात, पण तत्त्वतः फुकटच हवं.

तत्त्वतः म्हणाल तर लंडनचं उदाहरण ठरलेलं असतं. ब्रिटिश म्युझियम १७५९ मध्ये उघडलं तेव्हापासून फुकट आहे. मधे १९७४ च्या सुरुवातीला सरकारने तिकीट लावून बघितलं आणि तीनेक महिन्यांत सरकार बदलल्यावर ते गेलं. बाकीच्या काही राष्ट्रीय संग्रहालयांना तिकीट होतं, ते डिसेंबर २००१ मध्ये काढून टाकलं, आणि तिथली गर्दी पुढच्या दहा वर्षांत दुपटीच्या वर गेली. हे मी मान्य करते. पण तो खर्च तिथलं सरकार तिजोरीतून देतं. शिवाय मोठी खास प्रदर्शनं असतात त्यांना तिकीट असतंच, आणि ते स्वस्त नसतं. आमचं काळा घोड्याचं वस्तुसंग्रहालय सरकारी अनुदानाच्या जिवावर चालत नाही. विश्वस्त संस्था आहे ती. तिकीट, देणग्या, कंपन्यांची मदत यांवर गाडा ओढायचा. त्याने लंडनची बरोबरी करावी म्हणजे कशी?

मग कोणी म्हणतं, दानपेटी ठेवा, ज्याला जे वाटेल ते टाकेल. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने हे कित्येक वर्षं केलं. आकडा लिहिलेला असायचा, पण सक्ती नव्हती. आधी शंभरातले ६३ लोक पूर्ण रक्कम द्यायचे, तेरा वर्षांत ते प्रमाण १७ वर आलं. शेवटी मार्च २०१८ पासून बाहेरगावच्यांना २५ डॉलर सक्तीचे झाले, आता ३० आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या माणसाला अजूनही मनाला येईल ते देता येतं. कौपिनेश्वराच्या पेटीत आपण पैसे टाकतो ते देवाला दिसतं म्हणून. संग्रहालयाच्या पेटीकडे कोण बघतंय?

जाता जाता परदेशी पाहुण्यांचं. आपल्याकडे त्यांना वेगळा दर असतो, नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आपल्याला २० तर त्यांना ५००. काही लोकांना याची लाज वाटते. मला नाही वाटत. न्यूयॉर्कवाले आपल्याशी तेच करतात, आणि पॅरिसच्या लूव्रने जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघ आणि त्याला जोडलेल्या काही देशांबाहेरच्यांना ३२ युरो केलेत, बाकीच्यांना २२. चला पुढे.

पैसे जातात कुठे, हा प्रश्न मात्र मला दुकानामुळे बरोबर कळतो. पावसाळा संपला की आमच्याकडे एक ठरावीक काम येतं. कोणीतरी हौसेने घेतलेलं जलरंगाचं चित्र, स्वस्तात फ्रेम करून घेतलेलं, माउंट न लावता थेट काचेला टेकवलेलं. दोन पावसाळ्यांत कागद काचेला चिकटतो. काचेच्या आतून पांढरे-करडे ठिपके येतात, ती बुरशी. ओढून काढायला जावं तर रंग काचेवर राहतो. माउंट लावतात ते शोभेसाठी नाही, कागद आणि काच यांच्यात हवेला जागा राहावी म्हणून. माउंटसुद्धा साध्या पुठ्ठ्याचं असलं तर काही वर्षांनी तिरक्या कडेला लागून चित्रावर तपकिरी रेघ उमटते, पुठ्ठ्यातलं आम्ल कागदात उतरतं. आम्लरहित बोर्ड मिळतो, पण त्याचा भाव ऐकून गिऱ्हाईक म्हणतं, राहू द्या, साधाच लावा.

हे एका दिवाणखान्यातल्या एका चित्राचं झालं. आता तीनशे वर्षांची लघुचित्रं मुंबईच्या दमट हवेत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर सांभाळायची म्हणजे काय ते बघा. हवेतला ओलावा बारा महिने चोवीस तास एका मर्यादेत ठेवायचा. कागदावरच्या रंगांना ५० लक्सच्या वर उजेड द्यायचा नाही हा जगभरचा नियम, म्हणून त्या दालनात डोळे बारीक करावे लागतात. उजेडाने झालेलं नुकसान साठत जातं, कधीच भरून येत नाही, म्हणून चित्रं काही महिन्यांनी उतरवून अंधारात विश्रांतीला ठेवायची आणि दुसरी लावायची. लोक कुरकुरतात की एवढे पैसे घेतात आणि दिवे नीट नाहीत. अहो, त्या कमी दिव्यांचेच पैसे आहेत ते.

तिकिटामुळे सामान्य माणूस येत नाही, हे मात्र मला पटत नाही. भायखळ्याला जाऊन बघा. एकाच आवाराला लागून दोन जागा आहेत. एक राणीचा बाग आणि एक डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. राणीच्या बागेचं तिकीट २०१७ मध्ये पाचावरून एकदम पन्नास झालं, चौघांच्या कुटुंबाला शंभर. केवढी ओरड झाली तेव्हा! आणि रविवारी रांग बघा, पेंग्विनसाठी लोक उन्हात तासभर उभे. शेजारच्या संग्रहालयाचं तिकीट कित्येक वर्षं दहा रुपये होतं, पोरांना पाच. तिथे मी गेले तेव्हा एक शाळा आणि चार जोडपी. इमारत अशी की नुसतं छत आणि जिना बघायला दहा रुपये द्यावेत. ती १८७२ मध्ये लोकांसाठी उघडली, आणि उभी राहिली ती लोकांच्या वर्गणीतूनसुद्धा. नाना शंकरशेट, भाऊ दाजी यांनी त्यासाठी खपून पैसे जमवले. १९७५ मध्ये भाऊ दाजींचं नाव दिलं. घारापुरीला ज्या दगडी हत्तीवरून इंग्रजांनी एलिफंटा नाव पाडलं तो हत्ती तिथेच बाहेर उभा आहे. पेंग्विन बघून बाहेर पडलेली माणसं त्या हत्तीवरून नजर फिरवून थेट स्टेशनकडे जातात.

नेरुळला माझी नणंद राहते. त्यांच्याकडे पाहुणे आले की वंडर्स पार्कला नेतात, ताजमहाल आणि बाकीची आश्चर्यं सिमेंटमध्ये छोटी करून ठेवलीयेत, तिकीट काढून लोक जातात, फोटो काढतात, पोरं झोके खेळतात. मी नाक मुरडत नाही, मीही गेलेय. पैसे खर्च करायची तयारी लोकांची आहे एवढंच म्हणायचंय.

अडतं कशाने ते सांगू? वेळेने. आमचं दुकान सोमवारी बंद असतं. सोमवारी नॅशनल गॅलरी बंद, घारापुरीची लेणी बंद, जहांगीरला त्या दिवशी चित्रकार सामान आवरायच्या तयारीत. काळा घोड्याचं वस्तुसंग्रहालय उघडं असतं, तेही सहापर्यंत. नोकरी करणाऱ्याचं तर विचारूच नका. ठाण्याहून सीएसएमटीला फास्टने जवळजवळ तास, उतरून वीस मिनिटं चालायचं. आठवडाभर तोच प्रवास केलेला माणूस रविवारी पुन्हा त्याच गाडीत बसायला तयार होत नाही, मग आत जायला पन्नास रुपये असोत नाहीतर शून्य. आणि घारापुरीला जा, लेण्यांच्या तिकिटाच्या कितीतरी पट पैसे लाँचला जातात. तिकिटावर भांडणाऱ्यांनी कधीतरी आमच्यासारख्यांचा पूर्ण दिवसाचा हिशेब मांडून बघावा. गाडी, रिक्षा, चौघांचं जेवण, पोरांचं आइस्क्रीम, आणि दुकान बंद ठेवलं तर बुडालेला धंदा.

लूव्र आठवड्यातून दोनदा रात्री नऊपर्यंत उघडं असतं. ब्रिटिश म्युझियम शुक्रवारी साडेआठपर्यंत. आपल्याकडे एक दिवस, फक्त एक, रात्री नऊपर्यंत ठेवा आणि त्या दिवशी सहानंतर दहा रुपये घ्या. अगदी फुकट नको, त्या कागदाची मला किंमत आहे ते वर सांगितलंच. चौदा-पंधरा वर्षांच्या आतल्या पोरांना कुठेच पैसे पडू नयेत. पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी पंधराच्या आतल्यांना तसे पडत नाहीतच, तीच रीत सगळीकडे चालवावी. पोरांनाही तिकीट मात्र छापून द्यावं, शून्य रुपयाचं. माझ्या मुलीने दोनदा तिकिटं वहीत चिकटवलीयेत, चित्रं कुठली पाहिली ते विचारलं तर ‘होती काहीतरी’.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे आमच्या ठाण्यात आहे काय? २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १८ लाखांच्या वर, आता तर विचारू नका. दोन मोठी नाट्यगृहं आहेत, कापूरबावडीला कला भवन आहे, तिथे आमच्या फ्रेमा लागतात. नवी मुंबईत निदान ऐरोलीला डॉ. आंबेडकरांचं स्मारक झालं, दुर्मिळ छायाचित्रांचं दालन आणि ग्रंथालयासकट. पण ठाण्याचं म्हणून एक भरभक्कम संग्रहालय? १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा १०१७ सालचा ताम्रपट निघाला होता. त्या किल्ल्यात आज तुरुंग आहे. तलावांच्या गाळातून आणि पायाच्या खोदकामातून मूर्ती निघत आल्या, काही देवळांच्या ओट्यावर शेंदूर लावून बसल्या. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी आली ती आमच्या गावाला. पोर्तुगीज, मराठे, इंग्रज, तिघांनी या शहरासाठी लढाया केल्या. एवढा माल असताना शाळेच्या सहलीला पोरांना नेतात कुठे, तर वॉटर पार्कला. त्याचं तिकीट किती असतं ते पालकांना विचारा, कोणी हूं की चूं करत नाही.

गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाला, निवृत्त इंजिनिअर आहेत, मी हे सगळं ऐकवलं. ते म्हणाले, ‘वहिनी, महापालिकेने काढलंच संग्रहालय तर आधी पार्किंगचे पैसे घेतील, मग बघू तिकिटाचं.’ घेऊ देत. मी चालत जाईन. माउंटचं काम तेवढं आमच्याकडे द्या, आम्लरहित बोर्डात, कोपऱ्यांची जबाबदारी आमची.